वावटळीनं आणलेली माती

“तुमचा कुणाचाच विश्वास बसणार नाही, आणि माझा काही आग्रहही नाही,” वारेमाप म्हणाला, “पण जावईबापू, तुम्ही जी माती बुडाखाली घेऊन बसलात ना, ती एकदा घर सोडून पळाली होती. आणि राग शांत झाल्यावर चढ चढून आपल्या पायांनी परत आली.”

जावई अर्धवट उठला, खाली बघितलं, आणि हसून पुन्हा बसला. “आहे अजून. पळाली नाही.”

“आज नाही पळाली. उद्याचं कोण सांगणार?”

उद्या सकाळी मशीन यायचं होतं. बांध पाडायचं मशीन.

दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. वरचं रान आणि खालचं रान यांच्या मधोमध एक जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत सगळी पसरली होती. वारेमापची बायको सुपात बियाणं निवडत होती. पुतणी भांडी गोळा करत होती. तिचा नवरा, म्हणजे हे जावईबापू, एका ठेंगण्या दगडावर बसून दातात काडी फिरवत होते. आणि जरा पलीकडे, खाटेवर, तोंडावर पंचा टाकून पुतणीचा बाप पडला होता. तो वारेमापचा थोरला भाऊ.

वारेमाप हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते गावानं ठेवलं होतं आणि इतकं चपखल बसलं होतं की खऱ्या नावानं हाक मारली तर तोच इकडेतिकडे बघायचा. थोरल्याला गाव मोजके म्हणायचं. दोघा भावांना शब्द वाटून देताना काहीतरी गफलत झाली असावी. धाकट्यानं आपल्या वाट्याचे उचलले आणि थोरल्याच्या ढिगातही हात घातला. मोजके बोलायचे ते उद्याला काही उरावं अशा बेतानं. पण एकदा बोलले की बोलले. त्यांनी दिलेला शब्द परत घेतलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

आणि नेमकी हीच आज वारेमापची पंचाईत होती.

वारेमापला मूलबाळ नव्हतं. दोन्ही रानं आता पुतणी आणि जावईच बघत होते, आणि चांगली बघत होते, त्याबद्दल म्हाताऱ्यांची काही तक्रार नव्हती. पण चार दिवसांपूर्वी जावयानं विचारलं, “बाबा, मधले दगडी बांध काढून सगळं सलग करायचं म्हणतो. चालेल ना?” आणि मोजके म्हणाले, “चालेल.” झालं. एकच शब्द, पण तो मोजक्यांचा. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही. वारेमापही बोलला नाही. त्या रात्रीपासून त्याला जेवण मात्र गोड लागेना, आणि ज्याला जेवण गोड लागत नाही तो वारेमाप कसला.

“काका, माझं बांधांशी वैर नाही,” जावई म्हणाला. माणूस सरळ होता, मनातलं बोलून टाकायचा. “पण एकदा ट्रॅक्टर घेऊन या बांधांमध्ये फिरून दाखवा. प्रत्येक वळणाला पुढे घ्या, मागे घ्या, पुढे घ्या, मागे घ्या. परवा मागचं चाक दगडांवर चढलं आणि ट्रॅक्टर असा कलला, की मला लहानपणापासूनची सगळी पापं आठवली.”

“सगळी?” पुतणीनं विचारलं. “एवढ्या वेळात?”

“मोठी मोठी आठवली. आणि हे बांध तरी सरळ आहेत का? साप चालल्यासारखे! कुणी आखले हे?”

“शेळ्यांनी,” वारेमाप म्हणाला.

“घ्या!”

“अहो, ते खरं आहे,” सुपातून डोकं न उचलता काकू म्हणाली. “यांचं सगळं खोटं धरायचं नाही. मधूनमधून एखादं खरं निसटतं यांच्या तोंडून.”

वारेमापनं खाटेकडे एक नजर टाकली. पंचा वरखाली होत होता. थोरला गेल्या काही वर्षांत जरा कमी ऐकायचा, म्हणून वारेमापनं आवाज चढवला. गोष्ट जावयाला सांगायची होती, पण आवाज खाटेपर्यंतचा होता.

“तर ऐका. वाटणी झाली तेव्हा दादाला पायथ्याचं रान आलं आणि मला माथ्याचं. तेव्हा दोन्ही सारखीच होती. पण मी पडलो सरळमार्गी माणूस. नांगर घातला की सरळ वरून खाली, खालून वर. रेघा अशा, की बघत राहावं. आता इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. येत नाही, येत नाही, आणि आला की दावं तोडलेल्या बैलासारखा. त्यानं बघितलं, अरे वा, आपल्यासाठी घसरगुंड्या करून ठेवल्यात! बसला एकेका सरीत आणि घसरला खाली. जाताना रिकामा कशाला जाईल? माझी माती मांडीवर घेऊन गेला.”

“आणि ती बाबांच्या रानात?”

“दादाच्या रानात. तिथं पीक असं की आत शिरलेलं माणूस हाका मारत बाहेर यायचं. आणि माझ्याकडे? गांडुळं दारात येऊन म्हणाली, मालक, हिशेब करा, आम्ही निघतो. बुजगावणं होतं एक, ते लाजून खालच्या रानाकडे तोंड करून उभं राहायचं. उंदरानं बीळ खणायला घेतलं तर दोन बोटांवर मुरूम लागला. बिचारा उन्हात शेपटी बाहेर टाकून झोपायचा.”

पुतणी हसत खाली बसली. भांडी तशीच राहिली.

“खरं वाटत नसेल तर तुम्ही बसलात तो दगड बघा, जावईबापू. दोन रानांच्या हद्दीचा दगड आहे तो. तेव्हा माझ्या कमरेला लागायचा. त्यावर बसायचं तर चढावं लागलं असतं.”

जावयानं आपल्या पायांमध्ये खाली बघितलं. दगड जेमतेम वीतभर वर होता.

“काकू, हे?”

“हे खरं. आणि या झाडाची मुळं उघडी पडली होती. त्यांच्याखालून कोंबड्या जायच्या.”

“मग मी म्हटलं, दगड तर आहेत ना आपल्याकडे, दगडांना तोटा नाही. माती गेली की दगडच वर येतात. मी दगड रचून बांध घालायला घेतला. आडवा, आणि सुतासारखा सरळ. पहिल्याच सरीला पाणी धावत आलं, बांधाच्या कडेकडेनं चालत खोलगट जागेवर पोचलं आणि तिथं दार उघडल्यासारखं बाहेर पडलं. पुन्हा रचला. पुन्हा पडलं. तेव्हा आमच्या घरातल्या शहाण्या माणसानं...”

“शेळ्या चारायला मी जायचे,” काकू म्हणाली. “शेळीला उगाच चढायचा कंटाळा. उतारावर सोडा, ती आडवीच चालणार, ना वर ना खाली. त्यांची पायवाट पडली होती रानात. मी म्हटलं, या वाटेवर दगड लावून बघा. उंच-सखल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

“म्हणून वाकडे,” वारेमाप म्हणाला. “शेळी जिथं वळली तिथं बांध वळला. एका जागी बांधाला उगाच एक पोट आहे बघा, तिथं एक झुडूप होतं. शेळ्या खायला थांबायच्या.”

जावयानं काडी टाकून दिली. “त्याच पोटावर माझं चाक चढलं!”

“शेळीनं चढवलं असणार.”

हसणं ओसरलं तसं वारेमापनं पुन्हा खाटेकडे बघितलं. इथून पुढचं त्यानं गावात कित्येकदा सांगितलं होतं, पण थोरल्याच्या कानावर पडेल असं कधीच नाही. खाटेवरचा पंचा आता फारसा हलत नव्हता.

“पाणी तर थांबलं. पण बांधामागे साठायला माती हवी ना? ती सगळी खाली. मग मी दादाकडे गेलो. चार माणसं बसली होती तिथं. म्हटलं, दादा, माझी माती परत दे. दादा म्हणाला, ‘कुठली तुझी? हाक मारून बघ, येते का.’ माणसं हसली. मीही माझ्या तोंडाला जे यायचं ते बोललो, आणि माझ्या तोंडाला काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.”

“बंद म्हणजे?” पुतणीनं विचारलं. तिला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा ती अंगणात रांगत असणार.

“बंद म्हणजे बंद. दादाला काही फरक पडला नाही, त्याचं आधीपासूनच बंद होतं. हाल माझे झाले. मग वळवाचा पाऊस आला. सगळ्यात मोठा. आता यावर तर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही. मी छत्री घेऊन रानात गेलो आणि मातीवर धरून उभा राहिलो. स्वतःवर नाही, मातीवर. जी काही ओंजळभर राहिली होती तिच्यावर.”

“ही थाप,” जावई म्हणाला.

सूप थांबलं. “नाही,” काकू म्हणाली. “ही थाप नाही. मी दारातून बोलावत होते. तापानं पडाल म्हणत होते. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर धावायचे, छत्री घेऊन. वेड्यासारखे. खालच्या रानातून दिसत होतं सगळं.”

खालच्या रानात कोण होतं ते काकूनं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

“पाऊस उघडला,” वारेमाप घाईघाईनं म्हणाला. गोष्ट जड व्हायला लागली की त्याला अशीच घाई सुटायची. “आणि दुसऱ्या दिवशीपासून वावटळ सुरू झाली. कसली वावटळ! भर दुपारी यायची, जेवणं झाली की, सगळं गाव सावलीत घोरत असताना. मी ऊन उतरल्यावर रानात यावं तो बांधामागे मातीचा ढीग. काळीभोर, ओलसर, वास घेत बसावं अशी. खालची माती! दुसऱ्या दिवशी आणखी एक ढीग. तिसऱ्या दिवशी आणखी. पाटी उपडी केल्यावर पडतो ना, नेमका तसा ढीग. वावटळीचं काम फार नीटनेटकं.”

“पाटी उपडी केल्यासारखा,” जावई म्हणाला.

“हुबेहूब. आणि व्यवहाराला पक्की. वर येताना माती आणायची, खाली जाताना माझ्या रानातला एक दगड घेऊन जायची. रिकाम्या हातानं उतार उतरायचा तिला कमीपणा वाटत असणार.”

“वावटळ दगड उचलते?”

“ही उचलायची. खालच्या रानाच्या पायथ्याला जो मोठा बांध आहे, ज्याच्यामुळे दादाची माती ओढ्यात गेली नाही, ते दगड कुठून आले असं वाटतं तुम्हाला? दादानं फक्त रचले. वाहिले वावटळीनं.”

पुतणी आता हसत नव्हती. ती काकाकडे बघत होती, आणि मग हळूच खाटेकडे. खाटेच्या बाहेर तिच्या बापाचे पाय आले होते. डाव्या पायाचा अंगठा जुन्या दुखापतीनं आत वळलेला होता.

“एकदा नुसती शिंतोड्याची सर येऊन गेली होती,” वारेमाप म्हणाला, “तेव्हा तिची पावलं उमटली.”

“वावटळीची?”

“वावटळीचीच. डावा पाय जरा ओढत चालायची बिचारी.”

काकूनं सुपाआडून नवऱ्याला डोळे वटारून दाखवले. गावात सांगताना तो कधी पायापर्यंत येत नसे. इतकी वर्षं त्यानं ही वावटळ अशी जपली होती, की कुणी ‘दादानं माती दिली वाटतं?’ असं विचारलं तर हा ताडकन म्हणायचा, ‘दादा? तो ढेकूळ देणार नाही. वावटळ आली होती!’ चारचौघांत नाही म्हटलेला माणूस चारचौघांत हो कसं म्हणणार? शब्द परत घेता येत नव्हता, तर थोरल्यानं पाट्या वाहिल्या. त्या पाट्यांवर पांघरूण म्हणून धाकट्यानं एक वादळ उभं केलं. दोघांचं बोलणं पुढे कधीतरी बैलाच्या आजारपणात आपोआप सुरू झालं, मातीचा विषय मात्र कुणी काढला नाही. काढायची गरज नव्हती. तो बांधामागे साठून होता. त्यावर दरवर्षी पीक येत होतं. वारेमाप सकाळी उठून त्या बांधावरून एक चक्कर मारायचा आणि त्याचा दिवस बरा जायचा. एवढंच होतं, आणि उद्या सकाळी ते मशीनच्या तोंडात जाणार होतं.

“किती दिवस चाललं हे?” जावयानं विचारलं. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

“उन्हाळा संपेपर्यंत. मग पुढच्या उन्हाळ्यात. त्याच्या पुढच्यातही. वावटळीला घाई नव्हती. एकच भानगड व्हायची. मी आपला विसरभोळा, दुपारी घरी जाताना पाण्याची कळशी रानातच विसरायचो. उतार जिथं अर्धा होतो ना, तिथं. ऊन उतरल्यावर येऊन बघावं तर कळशी रिकामी! वावटळ पाणी पण प्यायची.”

“आणि तुम्ही तिला कधी बघितलंच नाही?”

“कसा बघणार? मी घरी झोपलेलो असायचो! माझी दुपारची झोप म्हणजे तुम्हाला सांगतो, छप्पर उडालं तरी कूस बदलायचो नाही. मी वावटळ या डोळ्यांनी कधी पाहिली नाही. आईशपथ.”

गोष्ट संपली. वारेमापनं जमिनीतून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली, परत होती तिथंच ठेवली.

जावयानं डोकं खाजवलं. “काका, मला काय कळायचं ते कळलं. पण बाबा ‘चालेल’ म्हणालेत, मशीनवाल्याला मी शब्द दिलाय, आणि ट्रॅक्टर वळत नाही तो नाहीच. मी करू काय, तुम्हीच सांगा.”

“मी काय सांगणार? दादा बोललाय ना एकदा.”

“मशीन येणार नाही,” खाटेवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मोजक्यांनी तोंडावरचा पंचा काढला होता. ते उठून बसले, पायांनी चप्पल शोधली. डावी सापडायला वेळ लागला. पुतणी उठायला लागली तसं त्यांनी हातानंच तिला बस म्हटलं.

“पण बाबा, तुम्हीच म्हणाला होतात चालेल म्हणून.”

“म्हणालो होतो.” त्यांनी पंच्यानं मान पुसली. हे शब्द त्यांना नवीन होते, त्यामुळे जरा अडखळत आले. “आता नाही चालत.”

काकूच्या हातातलं सूप कलंडलं आणि थोडं बियाणं मातीत सांडलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

“बांधांची टोकं काढा,” मोजके जावयाला म्हणाले. “दोन्हीकडची. ट्रॅक्टर वळेल एवढी. मोकळ्या जागेत गवत लावा, पाणी तिथून गेलं तरी माती धरेल. नांगर आडवा घाला, बांधाच्या अंगानं. तो वाकला की तुम्ही वाका.”

जावई उभा राहिला. त्यानं वरच्या रानाकडे बघितलं, हातानं हवेत एक वळण घेऊन पाहिलं, मग दुसऱ्या बाजूचं. “टोकं मोकळी झाली तर वळतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “पुढे-मागे करावं लागणार नाही. ते पोट तेवढं...”

“पोट राहू दे,” मोजके म्हणाले. “शेळ्यांचं आहे.”

वारेमापला एकदम तहान लागल्यासारखं झालं. तो तोंड उघडून काहीतरी भन्नाट बोलणार होता, पण हात पाण्याच्या तांब्याकडेच गेला. एका दमात थोरला महिन्याभराचं बोलला होता. गावात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

“आणि हा खोटं बोलतोय,” मोजके म्हणाले.

“ते आम्हाला कळलंच, बाबा,” पुतणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. “वावटळ कुठं पाटी घेऊन...”

“वावटळीचं राहू दे. झोपायचो म्हणतो, ते खोटं.” मोजके खाटेवरून उठले, डावा पाय ओढत दोन पावलं आले आणि धाकट्यासमोर उभे राहिले. “दुपारी झोपलेला माणूस रोज रानात कळशी विसरतो होय रे, धाकट्या? भरलेली? वर ताट झाकून? आणि जसजशी या झाडाची सावली सरकेल, तसतशी कळशी पण सरकवून?”